दातातली कीड किती काढायची आणि फिलिंग नेमकं कशाला चिकटतं?



मी दातांचा डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. ताप, बीपी, शुगर, दमा, पावसाळा लागला की मलेरिया, डेंगी आणि लेप्टो, हे माझं रोजचं काम. पण खोपोलीसारख्या गावात फिजिशियनला सगळंच विचारलं जातं. बीपी तपासून झालं की पेशंट हळूच तोंड उघडून दाढ दाखवतो. दाढेबद्दलची दोन वाक्यं तर मी इतक्या वेळा ऐकली आहेत की आज त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं. पहिलं, "डॉक्टर, फिलिंग करून वर्ष नाही झालं, पडलं बघा." आणि दुसरं, "त्यांनी कीड पूर्ण काढलीच नाही, आत ठेवूनच वरून बंद केलं म्हणे!"

ही दोन वेगळी गाऱ्हाणी वाटतात, पण त्यांचं मूळ बरंचसं एकच आहे. कीड कशाने काढली, किती काढली आणि कुठली काढली, यावर फिलिंगला चिकटायला कसली जमीन मिळते ते ठरतं.

आधी आपल्या जुन्या हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊ. घाट चढण्याआधी तिथे टायर दाखवून घ्यायची सवय आपल्यातल्या अनेकांना आहे. तो ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधतो, पुसून कोरडी करतो, मग त्या जागेवर कानस नाहीतर पॉलिश पेपर घासतो. घासल्यावर जो रबराचा भुगा निघतो तो झटकतो. सोल्युशन लावतो आणि लगेच पॅच न चिकटवता थोडं थांबतो. त्या वेळात तुम्ही कुतूहलाने बोट लावलंत तर ओरडतो, कारण बोटाचं तेल लागलं की पॅच धरत नाही. ट्यूब जुनी होऊन रबर कुजलं असेल, तर तो स्वच्छ सांगतो, "साहेब, पॅच चांगला आहे, पण ट्यूबच धरणार नाही."

दातांच्या फिलिंगमध्ये जवळजवळ हेच घडतं.

चांदीच्या काळात चिकटण्याचा प्रश्न नव्हता

तुमच्या आईवडिलांच्या दाढेत काळपट चांदी भरलेली तुम्ही पाहिली असेल. पारा, चांदी, कथील आणि तांबं यांचं ते मिश्रण. ती दाताला चिकटत नाही, अडकून बसते. म्हणून त्या काळचे दंतवैद्य खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरायचे. अमेरिकेतले ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे शास्त्र घालून दिलं. त्यात कीड तर पूर्ण काढायचीच, शिवाय पुढे जिथे कीड लागू शकेल तो चांगला भागही काढून टाकायचा. फिलिंग पक्कं बसायचं, पण दात बराच कोरला जायचा आणि उरलेल्या पातळ भिंती पुढे कधीतरी सुपारी फोडताना तुटायच्या.

1955 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल बुओनोकोर यांनी एक साधी गोष्ट केली. कारखान्यांत धातूला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. त्यांनी तेच दाताच्या इनॅमलवर लावून पाहिलं. आपल्याकडे पाइपच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. जस्ताचा मुलामा देण्याआधी पाइप आम्लात बुडवून पिकलिंग करतात, नाहीतर मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. इनॅमलवर आम्लाने डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे पडतात, पातळ रेझिन त्यांत उतरतं, तिथे घट्ट होतं आणि पकड बसते. आजही फिलिंगच्या वेळी डेंटिस्ट जी निळी जेल लावून धुऊन टाकतात, ती बहुतेक वेळा हीच.

इनॅमल वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं, त्यामुळे तिथे काम सोपं आहे. खरी अडचण आतल्या थरात, डेंटिनमध्ये येते. त्यात खनिज साधारण 70 टक्के, बाकी कोलॅजेनचे धागे आणि पाणी. शिवाय नसेकडे जाणाऱ्या हजारो बारीक नळ्या, त्यांतही ओल. आम्ल लावलं की वरचं खनिज निघून जातं आणि धाग्यांची जाळी उघडी पडते. अंघोळीला वापरायची वाळलेल्या घोसाळ्याची जाळी डोळ्यांसमोर आणा. फुललेली असेल तर साबण आतपर्यंत जातो, चेपून बसली असेल तर वरच्यावर राहतो. डेंटिन फुंकून फार कोरडं केलं तर जाळी चेपते, फार ओलं ठेवलं तर रेझिनच्या आधी पाणीच जागा धरतं. जपानमध्ये नाकाबायाशी यांनी 1982 साली दाखवलं की रेझिन त्या जाळीत शिरून दोघांचा मिळून एक नवाच थर तयार होतो. फिलिंगची डेंटिनवरची पकड म्हणजे मुख्यतः हा थर, केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ.

आता प्रश्न असा की जाळी मुळात किडलेली असेल तर काय?

किडीचे दोन थर

आम्हाला मेडिकल कॉलेजात सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये पहिल्या दिवसापासून शिकवतात, सडलेला भाग पूर्ण काढा, रक्त दिसेपर्यंत काढा. शुगरच्या पेशंटच्या पायाची जखम असेल तर आजही तोच नियम. म्हणून आमच्या गावातल्या एका डेंटिस्ट मॅडमनी जेव्हा माझीच दाढ तपासून सांगितलं, "सर, तळाशी थोडा मऊ भाग मी मुद्दाम ठेवणार आहे," तेव्हा मी खुर्चीतून उठूनच बसलो. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण त्यांनी शांतपणे ड्रिल खाली ठेवलं आणि कागदावर चित्र काढून मला समजावलं. पुढचं बरंच काही त्यांच्याकडून आणि नंतर वाचनातून आलेलं आहे.

टोकियोत फुसायामा यांनी 1970 च्या दशकात रंग वापरून दाखवलं की किडलेल्या डेंटिनमध्ये दोन थर असतात. बाहेरचा थर ओला, मऊ, चमच्याने खरवडला की निघणारा. त्यात जंतू भरपूर आणि कोलॅजेनचे धागे तुटलेले, तो पुन्हा सुधारत नाही. त्याच्या आतला थर चामड्यासारखा, खनिज गेलेलं पण धागे बऱ्यापैकी शाबूत, जंतू बरेच कमी. हा थर पुन्हा खनिज घेऊन कडक होऊ शकतो. म्हणजे पायाच्या जखमेशी तुलना करायची तर बाहेरचा थर मेलेलं मांस आणि आतला थर सुजलेली पण जिवंत कातडी. जिवंत कातडी आम्हीही कापत नाही.

दाढेच्या पोटात नस असते. कीड खोल असेल आणि सगळं कडक लागेपर्यंत कोरत गेलं, तर नस उघडी पडण्याची शक्यता वाढते. मग रूट कॅनाल, मग कॅप, मग खर्च आणि चार फेऱ्या. 2016 साली जगभरातल्या कीड-तज्ज्ञांच्या एका गटाने एकमताने शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत खोल कीड असलेल्या पण नस जिवंत आणि शांत असलेल्या दातात नसेजवळचा मऊ भाग ठेवावा आणि कडेने मात्र घट्ट, स्वच्छ डेंटिन लागेपर्यंत काढावं, असं स्पष्ट म्हटलं आहे.

यातला "कडेने मात्र" हा भाग लोक ऐकतच नाहीत, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

किडीने बाधलेल्या डेंटिनला रेझिनची पकड निरोगी डेंटिनपेक्षा कमी असते, आणि बाहेरच्या सडलेल्या थरावर तर फारच कमी. नळ्या खनिजाच्या कणांनी बुजलेल्या असतात, त्यामुळे रेझिनची मुळं आत जात नाहीत. पाण्याचा अंश जास्त असतो. आम्ल खोलवर जातं पण रेझिन तितकं पोचत नाही, म्हणून वर सांगितलेला तो थर जाड दिसतो पण पोकळ राहतो. शिवाय डेंटिनमध्ये असलेली काही एन्झाइम्स अशा उघड्या धाग्यांना पुढच्या काही वर्षांत कुरतडत राहतात. कुजलेल्या ट्यूबवरचा पॅच तो हाच.

मग तळाशी असा भाग ठेवूनही फिलिंग टिकतं कसं? कारण त्याला तळाने धरायचंच नसतं, कडेने धरायचं असतं. डब्याचं झाकण आठवा. झाकण काठाला घट्ट बसलं की आतला ओलावा, हवा सगळं बंद. अमेरिकेत जॉर्जियामध्ये मेर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर उघड खड्डा पडलेल्या दातांत कीड तशीच ठेवून, फक्त कडेच्या निरोगी इनॅमलवर पकड घेऊन वरून फिलिंग बंद केलं आणि दहा वर्षं पाठपुरावा केला. 1998 साली निष्कर्ष आले, काठ बंद राहिला तिथे खालची कीड थांबली. जंतूंना बाहेरची साखर मिळाली नाही. हा प्रयोग होता. कुणी डेंटिस्टला "असंच करा" म्हणून सांगायला जाऊ नका. पण काठाचं महत्त्व त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

ड्रिल, चमचा, जेल, लेझर

"डॉक्टर, लेझरने करून घेऊ का? मुंबईत करतात." हा प्रश्न मला बहुधा मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांकडून येतो.

नेहमीचं ड्रिल वेगात काम करतं. पण घासल्यावर डेंटिनवर भुग्याचा एक लेप बसतो, पंक्चरवाल्याच्या रबराच्या भुग्यासारखा. निळी जेल लावून धुतलं की तो निघतो. ज्या प्रकारच्या बाँडिंगमध्ये आम्ल वेगळं लावून धुवायचं नसतं, त्यात ड्रिलचं टोक फार खडबडीत असेल तर जाड लेप अडथळा करतो. म्हणून शेवटचा हात बारीक टोकाने फिरवतात. ड्रिलचा दुसरा दोष म्हणजे त्याला चांगलं-वाईट कळत नाही, हात थांबवावा लागतो. कीड ओळखायला जो लाल रंग लावतात तोही थोडा फसवा आहे, कधी कधी नसेजवळचं निरोगी डेंटिनही रंगतं. अनुभवी डेंटिस्ट रंगापेक्षा चमच्याच्या स्पर्शावर जास्त विश्वास ठेवतात, हे मला आवडलं. आम्हीही अजून पोटाला हात लावूनच बघतो.

चमचा म्हणजे हाताने खरवडायचं छोटं अवजार. सावकाश, पण तळाशी, नसेजवळ सगळ्यात सुरक्षित. जेलचा प्रकार स्वीडनमधून 1990 च्या दशकाच्या शेवटी आला. पुढे ब्राझीलमध्ये पपईच्या चिकापासून मिळणाऱ्या पपेनची जेल निघाली. मटण शिजायला आपण कच्च्या पपईचा तुकडा टाकतो ना, तेच तत्त्व. पपेन तुटलेल्या कोलॅजेनला आणखी मऊ करतं, मग चमच्याने खरवडून घ्यायचं. वेळ लागतो, पण ड्रिलचा आवाज नाही आणि इंजेक्शन बऱ्याचदा टळतं. लहान मुलांसाठी सोयीचं. बाँडिंगचं त्याने फारसं नुकसान होत नाही, उलट भुग्याचा लेप कमी राहतो.

लेझरचं थोडं उलटं आहे. पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली फार छान दिसतो, खडबडीत, नळ्या उघड्या, लेप नाही. वाटतं, याच्यावर रेझिन अगदी घट्ट बसेल. पण उष्णतेने वरच्या पातळ थरातले धागे बिघडलेले असतात आणि बऱ्याच प्रयोगांत पकड ड्रिलपेक्षा कमीच भरली. सगळ्या ठिकाणी नाही, यंत्राच्या सेटिंगवर बरंच अवलंबून असतं. पण "महाग म्हणजे जास्त टिकाऊ" असं इथे समजू नका. माझं स्पष्ट मत, चांगल्या हातातलं साधं ड्रिल आणि चमचा यांच्यापुढे लेझरसाठी जास्त पैसे मोजायची आपल्या बहुतेकांना गरज नाही.

थुंकी, रक्त आणि लवंग

पद्धत कुठलीही असो, बाँडिंग लावल्यावर त्यावर थुंकीचा किंवा रक्ताचा थेंब आला की पंक्चरवाला ओरडला तसं ओरडायची वेळ. म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावतात, रबर डॅम. 1864 साली न्यूयॉर्कच्या एका डेंटिस्टने काढलेली ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. आपल्याकडे पेशंटच म्हणतात, "ते रबर नको, गुदमरतं." अहो, नाकाने श्वास घ्या, दहा मिनिटांत सवय होते.

रक्ताचा मुद्दा माझ्या खात्यात येतो. हिरड्या सुजलेल्या असतील तर हिरडीजवळच्या खड्ड्याला नुसता स्पर्श केला तरी रक्त येतं आणि नेमका तिथलाच काठ कच्चा राहतो. शुगर वाढलेली असेल तर हिरड्या जास्त सुजतात. मिश्री लावणाऱ्या आमच्या काकू-मावश्यांच्या हिरड्या मी रोज बघतो. तातडी नसेल तर आधी हिरड्या साफ करून, शुगर आटोक्यात आणून मग फिलिंग करणं फायद्याचं. आणि कृपा करून रक्त पातळ होण्याची गोळी परस्पर बंद करून खुर्चीत बसू नका. आधी आम्हाला विचारा.

दुसरी गोष्ट लवंग तेलाची. दाढ दुखली की कापसाचा बोळा लवंग तेलात बुडवून खड्ड्यात, हे घरोघरी चालतं आणि दुखणं खरंच थोडं कमी होतं. पण लवंगेतलं युजेनॉल रेझिनला कडक होऊ देत नाही. खड्ड्यात रोज तेल जात असेल तर डेंटिस्टना तसं सांगा. त्या बिचाऱ्यांनी सगळं नीट करूनही फिलिंग मऊ का राहिलं हे त्यांना कळायला हवं. तात्पुरतं पांढरं सिमेंट भरलेलं असेल तर त्यातही बऱ्याचदा युजेनॉल असतं, तेही सांगा. दुखऱ्या दाढेशेजारी अॅस्पिरिनची गोळी धरून ठेवणारेही आहेत. त्याने दाढ थांबत नाही, गालाची आतली कातडी मात्र भाजते.

एक्स-रेमधली काळी रेघ

आता ज्या कारणासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. पन्नाशीचा, कारखान्यात काम करणारा, शुगर असलेला माझा एक जुना पेशंट घाबरून आला. दुसऱ्या शहरात मुलीकडे गेला असताना दाताचा एक्स-रे काढला. तिथे सांगितलं, फिलिंगखाली कीड राहिली आहे, ताबडतोब उघडून रूट कॅनाल करा. दाढ दुखत नव्हती. गारगरम लागत नव्हतं. "साहेब, इथल्या मॅडमनी मला फसवलं का?"

मी फोन लावला. मॅडमनी दोन मिनिटांत कार्ड काढलं. तारखेसह लिहिलेलं होतं, खोल कीड, नसेजवळचा चामड्यासारखा भाग ठेवला, कडा कडक डेंटिनपर्यंत स्वच्छ. एक्स-रेत दिसत होता तो हा मुद्दाम ठेवलेला भाग. खनिज कमी म्हणून काळा दिसतो. दुसऱ्या ठिकाणी कार्ड नव्हतं, त्यांना ती नवी कीड वाटली. दोघांचंही बरोबर असू शकतं अशी ही विचित्र परिस्थिती. मॅडमनी जुना एक्स-रे शेजारी ठेवून पाहिला, रेघ वाढलेली नव्हती. दाढ उघडली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तशीच होती. आजही तो त्याच दाढेने ऊस खातो, हे मी सांगितलेलं नाही तरी.

म्हणून फिलिंग करून घेताना दोन गोष्टी विचारा. "कडा पूर्ण कडक लागल्या का?" आणि "तळाशी काही ठेवलं आहे का? असेल तर लिहून द्या." त्या कागदाचा आणि एक्स-रेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उद्या पुण्याला, नाशिकला, कुठेही दाखवायची वेळ आली तर तुमची नस वाचेल.

हे सगळं कुणाला लागू नाही, तेही सांगतो. दाढ रात्री आपोआप ठणकत असेल, झोपेतून उठवत असेल, गरम पाण्याने सुरू झालेली कळ बराच वेळ थांबत नसेल, हिरडीवर पुटकुळी किंवा गालावर सूज असेल, तर नस बहुधा गेली आहे. तिथे कीड ठेवून झाकण लावायचा प्रश्नच नाही. अँटिबायोटिकच्या पाच गोळ्यांनी सूज उतरते आणि लोक समजतात झालं. दाताचा खड्डा गोळीने भरत नाही. तोंड उघडत नसेल, गिळायला त्रास होत असेल किंवा जबड्याखाली सूज आणि ताप असेल तर माझ्याकडे वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.

वाड्यांवरच्या मुलांबद्दल एक. कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर वीज जाते, खुर्ची नाही, ड्रिल नाही. अशा जागांसाठी 1980 च्या दशकात टांझानियात एक पद्धत सुरू झाली. कीड फक्त हाताच्या अवजारांनी काढायची आणि ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट बोटाने दाबून भरायचं. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा प्रसार सुरू केला. हे सिमेंट लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी तयार केलं, 1972 च्या सुमारास. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक नातं जोडतं आणि थोडी ओल सहन करतं. रेझिनइतकं मजबूत नाही, पण दुधाच्या दाढेला तेवढं पुरतं. शाळेत शिबिर आलं आणि मुलाच्या दाढेत "नुसतं चमच्याने खरवडून" सिमेंट भरलं, तर ते कमी दर्जाचं काम झालं असं समजू नका. मूल रडलं नाही आणि दाढ पडायच्या वयापर्यंत राहिली, म्हणजे काम झालं.

ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांनी खोपोली लोकलने सीएसएमटीला उतरावं. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. जवळ हवं असेल तर कामोठे आणि नेरूळलाही डेंटल कॉलेजेस आहेत. तिथे विद्यार्थी काम करतात, वेळ लागतो, पण शिक्षक प्रत्येक पायरी तपासतात आणि रबर डॅमही हट्टाने लावतात. डबा घेऊन जा, आणि जेवण फिलिंगच्या आधी उरका. इंजेक्शनने बधिर झालेला ओठ चावला जातो ते कळत नाही.